ठेकेदार तीन, नोकरी एकच : हिंगणा एमआयडीसीतलं ग्रॅच्युइटीचं एक प्रकरण

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सिमेंट आणि खताच्या विणलेल्या प्लास्टिक पिशव्या तयार होतात. तिथल्या शिलाई विभागातल्या एका बाईंनी 14 ऑक्टोबर 2023 ला काम सोडलं. बंडलं उचलून उचलून कंबर गेली होती. लागल्या होत्या 12 मार्च 2012 ला, म्हणजे 11 वर्षं 7 महिने भरले होते. निघताना हातात आला तो चालू महिन्याचा पगार. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे काही वर्षं काम केल्यावर नोकरी सुटताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशांचं, विचारलं तेव्हा ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "आमच्याकडे तुमची अडीच वर्षं झाली. पाच वर्षं भरल्याशिवाय ग्रॅच्युइटी बसत नाही." कंपनीच्या एचआर विभागात गेल्या तर तिथे उत्तर मिळालं, "तुम्ही आमच्या कामगारच नाही."

हिंगण्यापासून बुटीबोरीपर्यंत असंख्य कामगार याच दोन उत्तरांवर घरी परततात, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. कारखान्याचं, ठेकेदारांचं किंवा बाईंचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई गप्प बसल्या नाहीत याला घरचं एक कारण होतं. त्यांचे सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. मिल कामगाराच्या घरात ग्रॅच्युइटी, फंड, पाळी, बदली हे शब्द रोजचे असतात. "पंधरा दिवसाचा पगार गुणिले वर्षं" हे सासऱ्यांना तोंडपाठ होतं आणि त्यांनीच सुनेला आमच्या संघटनेकडे पाठवलं. ज्या घरात कायम नोकरी कुणी पाहिलेलीच नाही, तिथली बाई बहुतेक वेळा आमच्यापर्यंत पोचतच नाही.

कागदावर काय होतं

पहिला ठेकेदार मार्च 2012 ते मार्च 2016. दुसरा 1 एप्रिल 2016 ते 28 फेब्रुवारी 2021. तिसरा 1 एप्रिल 2021 पासून शेवटपर्यंत. चार वर्षं, चार वर्षं अकरा महिने, अडीच वर्षं. तिघांपैकी एकाकडेही पाच भरत नाहीत. दुसऱ्या ठेकेदाराची तारीख तर पाचाला एक महिना कमी असताना संपवलेली. हा योगायोग असू शकतो असं मी काही काळ मनाशी म्हणून पाहिलं. मग त्याच विभागातल्या आणखी बायकांचे पीएफ पासबुक पाहिले. सगळ्यांचीच तारीख 28 फेब्रुवारी होती.

या सगळ्या काळात बाईंची मशीन बदलली नाही, पाळी कंपनीनेच ठरवली, लाइनवरचा सुपरवायझर कंपनीचाच होता. ठेकेदार बदलला की एक दिवस सह्या व्हायच्या, नवीन ओळखपत्र यायचं आणि दुपारनंतर काम सुरू.

कायदा

प्रकरण ग्रॅच्युइटी अधिनियम 1972 खालचं आहे. इथून पुढचे कामगार कायदे त्या वेळी लागू होते तसे दिले आहेत; 21 नोव्हेंबर 2025 पासून काय बदललं ते शेवटी आहे. सलग पाच वर्षं सेवा झाली की निवृत्ती, राजीनामा, कसंही काम सुटलं तरी ग्रॅच्युइटी देय होते. शेवटच्या पगारावर दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरायचा. महिना 26 दिवसांचा धरायचा, 30 चा नाही. घरभाडे भत्ता, बोनस, ओव्हरटाइम यात येत नाहीत.

बाईंचं मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून 11,700 रुपये होतं. भागिले 26 म्हणजे रोज 450. गुणिले 15 म्हणजे वर्षाला 6,750. अकरा वर्षं सात महिने म्हणजे बारा वर्षं. एकूण 81,000 रुपये. पुढे कंपनीने तडजोडीचा पहिला आकडा दिला तेव्हा तो 64,350 होता. तिथे 30 ने भागलं होतं आणि वर्षं अकरा धरली होती. एका ओळीच्या गणितात 16,650 रुपये गेले असते. हिशेब कामगाराने स्वतः करून ठेवावा असं आम्ही आग्रहाने सांगतो ते यासाठी.

"सलग सेवा" कशाला म्हणायचं हे कलम 2क मध्ये आहे. आजारपण, रजा, अपघात, संप, टाळेबंदी यांनी सेवा तुटत नाही, आणि कामगाराचा दोष नसताना काम थांबलं तरी तुटत नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये कारखाना बंद होता आणि त्या महिन्याचा पीएफ भरलेला नव्हता. ठेकेदाराच्या वकिलाने त्यावर बोट ठेवलं. ते टिकण्यासारखं नव्हतं, कारण लॉकडाऊन बाईंनी लावलेला नव्हता.

खरा प्रश्न वेगळाच होता: मालक कोण? या कायद्यात कारखान्याच्या बाबतीत मालक म्हणजे आस्थापनेच्या कारभारावर ज्याचं अंतिम नियंत्रण आहे तो. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायद्यात ठेकेदाराच्या कामगाराची वर्गणीही आधी मूळ मालकानेच, म्हणजे ज्याच्यासाठी ठेकेदार माणसं पुरवतो त्याने, भरायची असं स्पष्ट लिहिलं आहे. पीएफ योजनेतही तशीच तरतूद आहे. कंत्राटी कामगार अधिनियम 1970 च्या कलम 21 नुसार ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. ग्रॅच्युइटीबद्दल इतकं थेट वाक्य कायद्यात नाही, आणि हीच फट कंपन्या वापरतात. मद्रास उच्च न्यायालयाने 2012 मध्ये एका औष्णिक वीज केंद्राच्या प्रकरणात ग्रॅच्युइटी मूळ मालकाने आधी द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी असा निकाल दिला आहे. आमच्या बाजूचा तो भक्कम आधार होता, पण तो मद्रासचा. नागपूरच्या न्यायालयापुढे तो मार्गदर्शक म्हणून ठेवता येतो, बंधनकारक म्हणून नाही.

कोणती वाट धरायची

पहिली बैठक याच चर्चेत गेली. सोबतच्या एका कार्यकर्त्याचं म्हणणं होतं की ठेका बनावट आहे, तेव्हा बाई कंपनीच्याच कायम कामगार आहेत अशी मागणी करावी. तत्त्व म्हणून मला ते पटतं. पण वाट लांबची आहे. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्ध 1971 चा स्वतंत्र कायदा आहे. मात्र कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या 2001 मधल्या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कामगार-मालक हे नातंच कंपनी नाकारत असेल, तर आधी ते नातं औद्योगिक विवाद म्हणून सिद्ध करून घ्यावं लागतं. त्याशिवाय या कायद्याखाली तक्रार चालत नाही. त्याच वर्षीच्या स्टील अथॉरिटीच्या निकालानेही ठेका बनावट आहे की नाही हे औद्योगिक न्यायाधिकरणाने पुरावा घेऊन ठरवावं असं म्हटलं. युनियनच्या ताकदीवर चालणाऱ्या या लढाया आहेत. कंबर धरून बसलेल्या एका बाईंना परत कामावर जायचंच नव्हतं. त्यांना त्यांचे पैसे हवे होते.

म्हणून ग्रॅच्युइटीचा अर्ज. महाराष्ट्रात ग्रॅच्युइटीचं नियंत्रण प्राधिकरण, म्हणजे दावा ऐकून ठरवणारी यंत्रणा, कामगार न्यायालयच आहे आणि अपील औद्योगिक न्यायालयात जातं. शिवाय या कायद्यात एक गोष्ट कामगाराच्या फार कामाची आहे: मालकाला अपील करायचं तर ठरलेली रक्कम आधी जमा करावी लागते. अपिलावर अपील करून कामगाराला थकवण्याचा खेळ इथे अवघड जातो.

आधी मालकाकडे ग्रॅच्युइटी मागण्याचा नमुना "आय" भरून तिसऱ्या ठेकेदाराला, दुसऱ्या ठेकेदाराला आणि कंपनीला, तिघांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. हा अर्ज तीस दिवसांत द्यायचा असतो. बाई आमच्याकडे आल्या तोवर मुदत टळली होती. पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही असं नियमांतच आहे, आणि अर्ज येवो न येवो, रक्कम काढून तीस दिवसांत देणं हे मुळात मालकाचं काम आहे. कंपनीने उत्तर दिलं नाही. तिसऱ्या ठेकेदाराने दोन ओळींचं पत्र पाठवलं आणि सोबत बाईंच्या सहीचा एक कागद जोडला: "माझा पूर्ण हिशेब मिळाला, माझं काहीही येणं बाकी नाही." सही बाईंचीच होती. शेवटचा पगार हवा असेल तर सही करा, असं सांगून घेतलेली. हा कागद पाहून त्या हादरल्या. त्यांना वाटलं सगळं संपलं. तसं नसतं. ग्रॅच्युइटी कायद्याशी विसंगत असलेला करार किंवा लेख कलम 14 मुळे चालत नाही. हक्क सही करून सोडता येत नाही.

मग नमुना "एन", म्हणजे नियंत्रण प्राधिकरणाकडचा अर्ज, उशीर माफीच्या अर्जासह. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 नुसार महिला आणि औद्योगिक कामगार दोघेही मोफत वकिलाला पात्र आहेत, आणि महिलांसाठी तर उत्पन्नाचीही अट नाही. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जाऊन हा अर्ज करायला फीही लागत नाही, तरी कामगार वस्त्यांमध्ये, डिगडोह-निलडोह-इसासनीकडे, हे फार थोड्यांना माहीत आहे.

अर्जात मागणी दोन पायऱ्यांची ठेवली. पहिली, कंपनीने पूर्ण बारा वर्षांची ग्रॅच्युइटी द्यावी. ती अमान्य झाली तर दुसरी, निदान दुसऱ्या ठेकेदाराने त्याच्या काळाची द्यावी, कारण पाचव्या वर्षात 240 दिवस काम झालं असेल तर ते वर्ष पूर्ण धरावं असं मद्रास उच्च न्यायालयाने 1998 मध्ये मेट्टूर बिअर्डसेल प्रकरणात म्हटलं आहे. दुसऱ्या ठेकेदाराचे चार वर्षं अकरा महिने त्यात सहज बसत होते. एक महिना आधी तारीख कापून त्याने काहीच साधलं नव्हतं.

पुरावा कुठून आला

बाईंकडे नियुक्तीपत्र नव्हतं. पगाराच्या पावत्या अर्ध्या होत्या, त्याही शाई उडालेल्या. अशा वेळी कामगाराला वाटतं की आपल्याकडे काहीच नाही. पण ठेकेदार ज्या सरकारी नोंदी करतो त्या त्याच्या मालकीच्या नसतात.

सगळ्यात मोठा आधार ठरला ईएसआयचा विमा क्रमांक. ठेकेदार बदलला तरी हा क्रमांक तोच राहतो. 2012 च्या नोंदणीच्या कागदावर नियुक्तीची तारीख 12 मार्च होती आणि पुढची वर्गणी त्याच क्रमांकावर, तीन वेगवेगळ्या ठेकेदारांच्या कोडखाली. पीएफचं काम जास्त किचकट निघालं. यूएएन, म्हणजे कामगाराचा कायमचा पीएफ क्रमांक, 2014 च्या शेवटी सुरू झाला, त्यामुळे त्याआधीचा पीएफ क्रमांक पासबुकात दिसतच नव्हता. तो एका जुन्या वार्षिक स्लिपवर सापडला. ती स्लिप बाईंनी रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत ठेवली होती.

आता प्रश्न उरला मार्च 2021 चा. दुसऱ्या ठेकेदाराने 28 फेब्रुवारीला नाव कमी केलं, तिसऱ्याने 1 एप्रिलला घेतलं. मधल्या महिन्यात ना पीएफ, ना ईएसआय. बाई म्हणत होत्या की काम रोज केलं, पैसे रोख मिळाले. कंपनी म्हणत होती की त्या महिन्यात ही बाई इथे नव्हतीच. महिनाभराचा खंड सिद्ध झाला असता तर अकरा वर्षांचे दोन तुकडे झाले असते.

उत्तर त्यांच्या मोबाइलमध्ये होतं. 4 मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. कारखान्यांत त्या दिवशी शपथ होते, बॅनर लागतो, फोटो निघतो. सुपरवायझरने विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशीचा फोटो टाकला होता. मागे कंपनीचं नाव आणि 2021 साल असलेला बॅनर, पुढे शिलाई विभागाच्या बायका हात पुढे करून शपथ घेताना, तोंडाला मास्क. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या बाई या होत्या. मास्कमुळे चेहरा अर्धा झाकलेला, पण गळ्यात जुन्याच ठेकेदाराचं ओळखपत्र, ज्याने चार दिवस आधी त्यांचं नाव कमी केलेलं. ग्रुपमध्ये फोटो टाकणाऱ्याचा नंबर कंपनीच्या पगारी माणसाचा. डिजिटल पुरावा म्हणून लागणारं प्रमाणपत्र जोडून तो दाखल केला.

दुसरी मोठी गोष्ट न्यायालयाच्या अधिकारामुळे मिळाली. नियंत्रण प्राधिकरणाला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. आमच्या वकिलांनी तिन्ही ठेक्यांचे वर्क ऑर्डर आणि वेतन नोंदवह्या हजर करण्याचा अर्ज दिला. कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे ठेकेदार पगार वाटतो तेव्हा मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर असावा लागतो आणि त्याने वाटप प्रमाणित करायचं असतं. कंपनीचा शिक्का त्या नोंदवह्यांवर होता, म्हणजे "या बाईला आम्ही ओळखत नाही" हे म्हणणं संपलं. आणि तिसऱ्या वर्क ऑर्डरमध्ये एक अट होती: शिलाई विभागातले सध्याचे अनुभवी कामगार ठेकेदाराने कायम ठेवावेत. ती ओळ वाचली तेव्हा आम्हा सगळ्यांना बळ आलं. ठेकेदार बदलेल, माणसं बदलू नका, असं कंपनीने स्वतः लिहून दिलं होतं.

साक्ष

बाईंची साक्ष होण्याआधी त्यांना दोन रात्री झोप नव्हती. आम्ही एवढंच सांगितलं की जे घडलं ते सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, कामावर तुम्हाला कुणी ठेवलं?

"लाइनच्या सायबानं. थे गेटवर आले, म्हने शिलाई येते का. मी म्हटलं येते. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसवलं."

ठेकेदाराला भेटला होता का?

"पैल्या ठेकेदाराले मी कधी पायलंच नाई. दुसऱ्याचा पोरगा यायचा सह्या घ्यायले."

रजा कुणाकडे मागायचा?

"लाइनच्या सायबाकडे. अजून कोनाकडे मागनार?"

वकिलांना हवी होती ती उत्तरं ही नव्हेत. नियंत्रण कुणाचं होतं हे कायद्याच्या भाषेत आम्ही दहा पानांत मांडलं होतं, ते इथे तीन उत्तरांत आलं. त्यानंतर कंपनीच्या एचआर अधिकाऱ्याची उलटतपासणी झाली. मशीन, धागा, वीज कंपनीची, पाळ्या कंपनी ठरवते, सुरक्षा प्रशिक्षण कंपनी देते, हे त्यांनी मान्य केलं. 4 मार्चचा फोटो दाखवल्यावर त्यांनी जागा ओळखली, बॅनर ओळखला. माणसं ओळखता येत नाहीत म्हणाले.

तडजोड

युक्तिवादाची तारीख लागली आणि कंपनीकडून निरोप आला. याआधी तिसऱ्या ठेकेदाराने "माणुसकी म्हणून" 20,000 देऊ केले होते. मग कंपनीचा 64,350 चा आकडा आला. आता पूर्ण 81,000 द्यायची तयारी होती, व्याज मात्र सोडा म्हणत होते. आम्ही व्याजावर अडून राहिलो. काम सुटल्यापासून तीस दिवसांत ग्रॅच्युइटी दिली नाही तर साल 10 टक्के सरळ व्याज लागतं. नोव्हेंबर 2023 ते मे 2025 या अठरा महिन्यांचे 12,150 झाले. एकूण 93,150 रुपये बाईंच्या खात्यात आले. अटीत कंपनीने लिहून घेतलं की ही रक्कम जबाबदारी मान्य न करता दिली आहे.

ही तडजोड घ्यावी की निकाल मागावा, यावर आमच्यात मतभेद होते आणि ते मिटलेले नाहीत. निकाल लागला असता तर त्याच विभागातल्या बाकीच्या बायकांना तो दाखवता आला असता. कंपन्या नेमक्या याच टप्प्यावर पूर्ण पैसे देतात, कारण एका बाईला 93,150 देणं परवडतं, लेखी निकाल परवडत नाही. तरीही प्रकरण बाईंचं होतं, निर्णयही त्यांचाच. मुलीच्या नर्सिंगच्या फीची तारीख जवळ आली होती. त्यांनी पैसे घेतले, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. लढाई पुढे न्यायची जबाबदारी संघटनेची आहे. आजारी बाईच्या खांद्यावर ती टाकता येत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ग्रॅच्युइटी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली. ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल ही चांगली सुधारणा आहे. इतर बहुतेकांसाठी पाच वर्षांची अट तशीच आहे. पगाराचे तुकडे करून मूळ वेतन छोटं दाखवण्यालाही आळा बसायला हवा, कारण भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक झालं आहे. यातली मेख ओळखली पाहिजे. दर ठेकेदार आपल्या नावाने नवं पत्र देईल, त्यावर नवी तारीख असेल, आणि बारा वर्षांची नोकरी कागदावर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होईल. संहितेतल्या मालकाच्या व्याख्येत ठेकेदारही आहे, त्यामुळे "आमच्याकडे अडीचच वर्षं" हे उत्तर पुढेही ऐकू येणार.

त्या शिलाई विभागातल्या चौघी जणी आता आमच्या संपर्कात आहेत. चौघीही अजून कामावर आहेत, त्यामुळे दावा आत्ता लावायचाच नाही. तो काम सुटल्यावर उभा राहतो. आत्ता करायचं ते दुसरं: ईएसआयचा वर्गणी तपशील दर सहा महिन्यांनी काढून ठेवणं, ठेकेदार बदलताना जुन्या आणि नव्या दोन्ही ओळखपत्रांचा फोटो घेणं, मधल्या महिन्याची हजेरी वहीत रोज लिहिणं, कोऱ्या कागदावर सही न करणं. नव्या ठेकेदाराचे फॉर्म आले तेव्हा चौघींपैकी एकीने सुपरवायझरला सांगितलं की यावर "2014 पासून याच विभागात" असं लिहून द्या. त्याने नकार दिला. तिने तेच वाक्य साध्या अर्जात लिहून कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. पोचपावती आली आहे, उत्तर आलेलं नाही. बाकीच्या तिघी तसाच अर्ज या महिन्यात पाठवत आहेत.